कुणाला परवडत नाही?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझं वय ४२. लग्नाआधी आणि नंतर मिळून सात वर्षं मी एका कंपनीच्या हिशेब विभागात होते. महिनाअखेरचा ताळा जुळवणं माझ्याकडे असायचं आणि तो जुळल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नसे. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. ती शाळेत रुळली, परत जायचं ठरत होतं, तेवढ्यात सासूबाई घरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांचं उठणं-बसणं, आंघोळ, औषधं मी बघते. नोकरी सोडून आता बारा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. जागा रिकामी आहे, येतेस का? महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. यजमानांशी बोलले, तर त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. माझा पगार येणार, त्यातून आईंसाठी ठेवायच्या मदतनीस बाईंचा पगार आणि माझं जाणं-येणं वजा केलं की हातात जवळजवळ काहीच राहत नाही. "याचं अर्थशास्त्र जमत नाही," म्हणाले. ते वाईट नाहीत, घराचे हप्ते त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आहेत. पण आमच्याकडे बरीच बोलणी या एका वाक्यापाशी येऊन संपतात. त्या रात्री मुलीने विचारलं, "आई, अर्थशास्त्र म्हणजे पैसे वाचवणं का गं?" मला काही उत्तर देता आलं नाही. ताई, या शब्दाचा नेमका अर्थ तरी काय? आणि मी यजमानांना काय सांगू?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचलं आणि बराच वेळ तसंच समोर ठेवून बसले. महिनाअखेरचा ताळा जुळवणारी बाई एका शब्दापुढे गप्प होते, हे मला फार लागलं. हा विषय मी अठ्ठावीस वर्षं वर्गात शिकवला आहे. तो शिकून माणसं जास्त प्रश्न विचारतील या आशेने शिकवला. त्याच शब्दाची कुणाच्या घरात अशी कडी झालेली पाहिली की मला राहवत नाही. म्हणून आधी तुमच्या मुलीचा प्रश्न घेते. यजमानांशी काय बोलायचं याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

आपण ज्याला इकॉनॉमिक्स म्हणतो तो शब्द ग्रीक 'ओइकोनोमिया'वरून आला. 'ओइकोस' म्हणजे घर, कुटुंब, त्याची जमीनजुमला सगळं धरून. दुसऱ्या भागात वाटणी करणं, व्यवस्था लावणं, नियम घालून देणं हे अर्थ आहेत. दोन्ही मिळून घर चालवणं. आपण सहज म्हणतो ना, तिने प्रपंच नेटका केला, तोच हा नेटका प्रपंच. बाजार, शेअर, व्याजदर, नोटा यांतलं काहीही या शब्दाच्या मुळाशी नाही. मुळाशी घर आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक लेखकाने याच विषयावर एक संवाद लिहिला. त्यात इस्खोमाखस नावाचा गृहस्थ आपण बायकोला घरकारभार कसा समजावून दिला ते सॉक्रेटिसला सांगतो. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. इस्खोमाखस एक मोठं फिनिशियन जहाज बघायला जातो. थोडक्या जागेत दोर, शिडं, शस्त्रं, भांडी, व्यापाराचा माल असं सगळं इतकं नीट लावलेलं असतं की एका वस्तूमुळे दुसरीचा खोळंबा होत नाही. तिथला एक खलाशी कोणती वस्तू कुठे आहे आणि किती आहे हे तिच्याकडे न बघता सांगू शकत असतो. मोकळ्या वेळात तो सामान तपासत फिरतो. का, म्हणून विचारल्यावर सांगतो की वादळ उठलं की शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

हे वाचताना मला तुम्ही दिसलात. सासूबाईंची कोणती गोळी संपत आली आहे, रात्री उठायची वेळ आली तर काठी कुठे आहे, मुलीची परीक्षा आणि डॉक्टरांची तारीख एकाच दिवशी येते आहे का, हे तुम्ही न बघता सांगू शकत असाल. अडीच हजार वर्षांपूर्वी 'ओइकोनोमिया' हा शब्द ज्या कामाला लावला होता ते हे काम. त्या घरात गुलाम होते आणि त्या बायकोचं वय लग्नात पंधराही नव्हतं, तेव्हा ते घर काही आदर्श म्हणून मी तुमच्यापुढे ठेवत नाही. पण त्याच संवादात सॉक्रेटिस म्हणतो की घरात चांगली भागीदार असलेली बायको घराच्या भल्यात नवऱ्याच्या बरोबरीची भर घालते. त्या काळच्या पुरुषाच्या तोंडचं हे वाक्य आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

याच काळातला ॲरिस्टॉटल तर सरळ दोन वेगळे शब्द वापरतो. घर चालवण्याची विद्या वेगळी आणि पैसा मिळवण्याची विद्या वेगळी. दुसरीला तो 'ख्रेमातिस्तिके' म्हणतो. मिळवणं हे चालवण्यासाठी असतं. मिळवण्याला मर्यादाच राहिली नाही तर त्याला ते मान्य नव्हतं. तुमच्या यजमानांनी कागदावर मांडलं ते या दुसऱ्या विद्येतलं होतं. नाव मात्र पहिलीचं घेतलं.

हा घरातला शब्द देशापर्यंत गेला तो पुष्कळ नंतर. १६१५ मध्ये फ्रान्सच्या माँक्रेतिएँ या लेखकाने आपल्या ग्रंथाच्या नावातच घराच्या व्यवस्थेला राज्याचं विशेषण जोडलं, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं या विषयाला 'पोलिटिकल इकॉनॉमी' म्हणत राहिले. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये सुचवलं की हे जोडनाव टाकून नुसतं इकॉनॉमिक्स म्हणावं. मार्शल या दुसऱ्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या १८९० च्या ग्रंथानंतर ते रूढ झालं. मार्शलने त्याची व्याख्या करताना पैसा हा शब्द पुढे आणला नाही. माणसाच्या रोजच्या जगण्यातल्या व्यवहारांचा अभ्यास, असं त्याने म्हटलं.

आता आपला शब्द. मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या विषयावर पहिली पुस्तकं निघाली तेव्हा नाव ठरलेलं नव्हतं. एका पुस्तकाने 'देशव्यवहार' असा शब्द घेतला होता. मला तो अजून गोड वाटतो, कारण त्यात व्यवहार आहे, देणंघेणं आहे, माणसं आहेत. पुढे 'अर्थशास्त्र' टिकला. तो संस्कृतातला जुना शब्द. कौटिल्याच्या ग्रंथाचं नावही तेच, पण तो ग्रंथ मुख्यतः राज्य कसं चालवावं याचा आहे. आज ज्याला आपण आर्थिक म्हणू, म्हणजे शेती, पशुपालन, व्यापार, त्याला कौटिल्य 'वार्ता' म्हणतो. तरी अर्थ कशाला म्हणावं हे सांगताना त्याने लिहिलं आहे : 'मनुष्याणां वृत्तिरर्थः'. माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ. माणसं कशावर जगतात, ते. त्यात तुमच्या यजमानांचा पगार येतो आणि सासूबाईंना वेळेवर मिळणारा हाताचा आधारही येतो, कारण त्यावरही कुणीतरी जगतं आहे.

मराठीत या 'अर्थ' शब्दाने किती घरं केली आहेत बघा. वाक्याचा अर्थ, जगण्याचा अर्थ, अर्थार्जन, स्वार्थ, परमार्थ. दोन गोष्टींचा अर्थाअर्थी संबंध नाही म्हणतो तेव्हा पैशाचं काही मनात नसतं. पैसा हा या शब्दाच्या अनेक खोल्यांपैकी एका खोलीत राहतो. आपण रोजच्या बोलण्यात बाकीच्या खोल्या बंद करून टाकल्या.

आणि रोजच्या बोलण्यात या शब्दाची आणखीही सरमिसळ होते. मुलीला सांगायला उपयोगी पडेल म्हणून एकदा सोडवून ठेवते. देशात जे उत्पादन, देवघेव, कमाई, खर्च चाललेलं असतं ती अर्थव्यवस्था. तिचा आणि तिच्यातल्या माणसांच्या निवडींचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. एखाद्या निर्णयामागे कुणाचे पैसे आणि कुणाचे हितसंबंध गुंतलेत हे सांगायचं असतं तेव्हा अर्थकारण म्हणावं, राजकारणाच्या चालीवर. कमीत कमी खर्चात भागवणं म्हणजे काटकसर, आणि इंग्रजीतल्या 'इकॉनॉमिकल'चा रोजचा अर्थ तोच असल्यामुळे तुमच्या मुलीला वाटलं ते अगदी चूक नाही. आलेले आणि गेलेले पैसे लिहिणं हा हिशेब. यजमानांनी कागदावर केला तो हिशेब होता. हिशेब म्हणून तो बरोबरही असेल. तुम्ही तपासलाच असेल, तुमचं ते काम होतं.

पण 'अर्थशास्त्र जमत नाही' हे वाक्य वापरण्याआधी आपल्याकडे याच कामासाठी एक साधं, जुनं क्रियापद होतं. परवडणं. मला हा शब्द फार प्रामाणिक वाटतो. का ते सांगते. 'परवडत नाही' असं कुणी म्हटलं की लगेच तोंडात येतं, 'कुणाला?' मला परवडत नाही, तुला परवडत नाही, आपल्याला परवडत नाही. माणूस जोडल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही. 'अर्थशास्त्र जमत नाही' या वाक्यात माणूसच नाही. जणू काही आकाशातल्या कुठल्या नियमाने ठरवून टाकलं आहे आणि घरातल्या कुणाचाच त्यात हात नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की ते वाक्य पुन्हा आलं की वाद घालू नका. शांतपणे विचारा, "म्हणजे कुणाला परवडत नाही?"

आता तो कागद आपण दोघी मिळून पुन्हा बघू. मला आकडे माहीत नाहीत, म्हणून समजा तुमचा पगार १०० आहे. मदतनीस बाईंना ७५ द्यावे लागतील, जाण्या-येण्याला १५. उरले १०. यजमान म्हणतात काहीच उरत नाही.

पहिली गोष्ट. बाईंचे ७५ तुमच्याच पगारातून का वजा झाले? सासूबाई त्यांच्या आई आहेत. त्यांची काळजी घेणं ही घराची जबाबदारी आहे, तर तो खर्च घराच्या एकूण उत्पन्नातून जायला हवा. आज घरात यजमानांचे, समजा, ३०० येतात. उद्या तुमचे १०० धरून ४०० येतील, खर्च ९० ने वाढेल, आणि घराकडे ३१० राहतील. घर दहाने पुढे आहे. अगदी शून्य उरलं असतं तरी तो तोटा नव्हता. शून्याचा अर्थ एवढाच की घराला पैशाने काही फरक पडत नाही, मग निर्णय दुसऱ्या गोष्टींवर घ्यायला घर मोकळं आहे. हिशेब विभागात सात वर्षं काढलेल्या बाईला हे सांगायला नको. पण एक खर्च एकाच व्यक्तीच्या नावाने दाखवला की दिसणारं चित्र किती बदलतं, हेही तुम्हीच सर्वांत चांगलं जाणता.

दुसरी गोष्ट. तो कागद एका वर्षाचा आहे. समजा तुमचा पगार दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढला आणि हे दोन्ही खर्च पाच टक्क्यांनी. पाच वर्षांनी तुमचा पगार १४७ च्या आसपास असेल, खर्च ११५. उरणारे दहाचे बत्तीस झाले. हे टक्के मी मनाने धरलेत, तुम्ही तुमच्या कामाच्या ठिकाणचे खरे विचारून घाला. पण याच जागी पाच वर्षांनी जाईन म्हटलं तर तेव्हा फोन येईलच असं नाही, आणि हातातली सवय आणखी पाच वर्षं जुनी झालेली असेल. आज नाही म्हणण्याची किंमत आजच्या दहापेक्षा मोठी आहे आणि ती त्या कागदावर कुठेच नव्हती.

हिशेबनीस आणि अर्थशास्त्र शिकलेला माणूस यांच्यात फरक पडतो तो इथेच. हिशेबनीस गेलेले पैसे लिहितो. अर्थशास्त्र आणखी एक रकाना उघडायला लावतं : हे निवडलं म्हणून काय सोडलं? पाठ्यपुस्तकात याला संधी खर्च म्हणतात. तुम्ही बारा वर्षं घरात राहिलात तेव्हा घरातून पैसे गेले नाहीत, म्हणून कुठल्याच वहीत नोंद झाली नाही. पण तुमचा पगार, त्याची वाढ, बढती, स्वतःच्या नावावरची शिल्लक हे सगळं सुटलं. सासूबाईंची काळजी घराला फुकट पडली असं सगळ्यांना वाटलं. ती फुकट पडली नव्हती, तिचे पैसे तुम्ही भरत होतात.

हा रकाना फक्त तुमच्या घरात कोरा राहिला असं नाही. पिगू नावाच्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिलं होतं की घर सांभाळायला पगारी ठेवलेल्या बाईशी मालकाने लग्न केलं तर देशाचं राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. काम तेच, हात तेच, फक्त पगार थांबला म्हणून ते काम मोजणीतून पुसलं गेलं. सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल सादर केला, तेव्हा गृहिणींचं काम त्यात धरलेलं नाही हे त्यानेच लिहून ठेवलं होतं. त्याच वर्षी मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एक सोपी कसोटी सांगितली. घरातलं एखादं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येण्यासारखं असेल तर ते उत्पादनच आहे, मग ते घरातल्या माणसाने का केलेलं असेना. तुमच्या यजमानांनी स्वतःच्या हाताने बाईंच्या पगाराचा आकडा लिहिला. रीडबाईंच्या कसोटीवर त्या क्षणी तुमचं काम उत्पादन ठरलं. तो आकडा त्यांनी वजाबाकीत लिहिला, पण आजवर दर महिन्याला तुम्ही घराला निदान तेवढं देत होतात, हीच त्यातून निघणारी गोष्ट आहे.

आणि हे तुमच्या एकटीचं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगात माणसांची देखभाल आणि घरकाम यांत बिनपगारी जे तास जातात, त्यांतले ७६.२ टक्के बायकांचे असतात. चारातले तीन तास. हे वाचून राग येतो, मलाही येतो. पण या आकड्याने यजमानांना घरात आरोपी करू नका, त्याने कागदावरची चर्चा पुढे जाणार नाही.

कारण त्यांच्या बाजूनेही काही आहे. हप्ते भरणारा एकटा माणूस प्रत्येक बदलाकडे धोका म्हणून बघतो. बाई ठेवल्या आणि दोन महिन्यांत सोडून गेल्या तर? नोकरी टिकली नाही तर? या भीतीला ते अर्थशास्त्र म्हणतात, कारण भीती वाटते असं म्हणणं त्यांना जड जात असेल. ती भीती खरी असेल तर तिचीही किंमत धरायला हवी. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढून मगच सुरुवात करायची, किंवा पहिले सहा महिने प्रयोग म्हणून धरायचे, असं काही ठरवता येईल. एकट्याच्या पगारावर हप्ते चालणं हाही धोकाच आहे, हेही त्यांना हळूच दाखवा. दोन पगार असलेलं घर एका पगाराच्या घराइतकं सहज कोलमडत नाही.

एक गोष्ट तुम्हाला स्वतःला सांगायची आहे, आणि ती ऐकायला थोडी कठीण आहे. गेलेली बारा वर्षं या निर्णयात आणू नका. आपल्या शास्त्रात त्याला बुडीत खर्च म्हणतात. जे परत मिळणार नाही ते पुढच्या निवडीत मोजायचं नसतं. 'मी बारा वर्षं दिली, आता माझी पाळी' असं वाटणं अगदी माणसासारखं आहे, त्या वर्षांची दखल घरात घेतली जायलाच हवी, आणि ती मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण ते बोलणं वेगळं ठेवा, वेगळ्या दिवशी करा. नोकरीचा प्रश्न आजपासून पुढचा आहे. नोकरी घ्यावीशी वाटते ती बारा वर्षांची भरपाई म्हणून, की त्या कामात तुमचा जीव रमतो म्हणून? ताळा जुळेपर्यंत खुर्चीवरून न उठणारी बाई मला तुमच्या पत्रात दिसली, म्हणून मला दुसरं खरं वाटतं. पण ते तुम्ही ठरवायचं.

इथेच या शास्त्राची हद्दही सांगायला हवी. लायोनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये केलेली व्याख्या आजही सगळीकडे शिकवतात. माणसाला हव्या असलेल्या गोष्टी अनेक, त्यांसाठीची साधनं मोजकी, आणि ती साधनं वेगवेगळ्या कामी लावता येण्याजोगी. या तिन्हींमुळे माणूस कसा वागतो त्याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. यात पैसा हा शब्दही नाही. वेळ हे साधन आहे, कंबरेतली ताकद साधन आहे, रात्रीची झोपही. पण या व्याख्येत काय हवंसं वाटावं हे ठरवण्याचा अधिकार शास्त्राला दिलेला नाही. हवं काय ते माणसांनी सांगायचं, मग त्यासाठी काय सोडावं लागेल ते शास्त्र दाखवतं. म्हणून अर्थशास्त्र कधीच कुणाला 'जमत नाही' असं सांगत नाही. ते एवढंच सांगतं की हे घेतलंस तर ते सुटेल. मग निवडा.

तुमच्या घरात कुणाला काय हवं आहे हे सगळ्यांनी सांगितलं आहे का? पत्रात यजमानांचं बोलणं आहे, मुलीचा प्रश्न आहे, तुमची घालमेल आहे. सासूबाई पत्रभर आहेत, पण त्यांचं एकही वाक्य नाही. परक्या बाईच्या हातून आंघोळ घ्यायला त्यांना संकोच वाटेल का? की सून आपल्यापायी अडकून पडली याचंच त्यांना ओझं होत असेल? त्यांना विचारा. एकटीने विचारा, मुलगा समोर नसताना. ज्यांच्या नावाने सगळी वजाबाकी चालली आहे त्यांचं मत न घेता ठरवणं मला बरोबर वाटत नाही.

मग एक काम करा. मी विद्यार्थ्यांकडून दर वर्षी करून घ्यायचे. एक मोठा कागद घ्या, आडवे सात दिवस, उभे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. एक आठवडा तुम्हीही भरा आणि यजमानांनाही भरायला सांगा. खाडाखोड झाली तरी चालेल, पण त्या त्या दिवशीच भरा, आठवणीवर सोडू नका. रात्री सासूबाईंसाठी उठलात तर तेही लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी हा कागद भिंतीवर लागला तेव्हा चौथ्या दिवशी तिचे वडील त्यापुढे उभे राहून नुसते बघत होते, असं तिने सांगितलं होतं. कुणी काही बोललं नव्हतं.

हा कागद तुमच्यासाठीही आहे. तुम्ही नोकरीवर जाल तेव्हा मदतनीस बाई असल्या तरी सकाळ-संध्याकाळचे बरेच रकाने रिकामे होणार नाहीत. ते कोण भरणार, हे नावानिशी ठरवा. 'बघू, करू सगळे मिळून' म्हटलं की ते सगळं तुमच्याच वाट्याला येतं, असं मी फार घरांत पाहिलं आहे. यजमानांनी आईंची संध्याकाळची औषधं आणि चालण्याचा व्यायाम घेतला, तर त्यांच्या तासांची किंमत त्यांना आपोआप कळेल आणि आईंनाही मुलगा मिळेल. आणि हे रकाने कुणीच घ्यायला तयार नसेल, तर मग मात्र नोकरी घेण्याआधी दोनदा विचार करा. तेव्हा जे परवडणार नाही ते तुमच्या शरीराला परवडणार नाही, आणि तोही एक खरा, पूर्ण हिशेब आहे. अर्धवेळ येऊ का, पहिले काही महिने उशिरा येऊ का, हेही त्या वरिष्ठ बाईंना विचारून बघा. त्यांनी बारा वर्षांनी आठवणीने फोन केला आहे, विचारलं म्हणून जागा जाणार नाही.

मुलीला काय सांगाल? व्याख्या सांगू नका. तिच्याकडे शनिवारची एक दुपार असते, हे धरा. मैत्रिणीकडे जायचं आहे, चित्र काढायचं आहे, आजीने गोष्ट वाचून दाखवायला बोलावलं आहे. दुपार एकच. चित्र काढलंस तर त्याची किंमत रंगांची नाही, मैत्रिणीकडे न गेलेली दुपार ही त्याची किंमत. आणि तू गेलीस म्हणून आजीची दुपार एकटी गेली, तर त्यातली थोडी किंमत आजीनेही दिली. ती बारा वर्षांची आहे, लगेच समजेल. बहुधा पुढचा प्रश्नही तीच विचारेल, की मग आईची दुपार कुठे जाते? तो प्रश्न बाबांसमोर विचारला गेला तर थांबवू नका.

महिनाअखेरीला अजून वेळ आहे. तक्ता उद्यापासून लावलात तर आठवडा भरून, सासूबाईंशी बोलून, खरे टक्के घालून कागद पुन्हा मांडायला पुरेसे दिवस हातात राहतील. मांडाल तेव्हा पेन तुमच्या हातात असू द्या.

तुमची ताई